दोन जागा, शेजारी शेजारी

डिसेंबर. उद्यमबागेतल्या फौंड्र्या नुकत्या जाग्या होत होत्या,
पलीकडच्या शेडमध्ये वाळूचा साचा फोडल्याचा आवाज आला.
नागोजीमामा सायलेन्सरची डबी हलवून ऐकत होता,
भुईमुगाच्या शेंगा वाळल्या का
हे कानाशी नेऊन बघतात तसा.

व्हॅन संकेश्वरची. मालक बाळप्पा, सोबत बायको महादेवी.
रात्री अनगोळात मेव्हणीकडे मुक्काम,
उठून थेट धूर तपासायला.
मशीननं सांगितलं, नापास.
कार्बन मोनॉक्साइड हद्दीच्या वर.
"डबी गेली गा," मामा मला म्हणाला. "कापून काढू."

त्या डबीत माझी सात वर्षं गेलीत.
म्हणजे धारवाडला, एका निर्वात पात्रासमोर,
आत नखाएवढी प्लॅटिनमची चकती.
मामाला एवढंच ठाऊक: पोरगी धुरावर शिकली.

म्हटलं, थांब. कापू नको.
आत जाळी आहे, पोळ्यासारखी,
तिच्यावर प्लॅटिनम, असून नसल्याइतकं.
त्यावर जागा असतात. मोजक्या.
मोनॉक्साइड येतो, एका जागेत मावतो,
कार्बन खाली रोवून ताठ उभा.
ऑक्सिजन जोडीनं येतो. त्याला
दोन जागा लागतात,
त्याही शेजारी शेजारी.
तिथं आडवा होतो, तुटतो,
मग त्यातला एकटा अणू सरकत सरकत
त्या ताठ उभ्याला जाऊन भिडतो.
दोघांचं मिळून जे होतं
त्याला धातूची ओढ नसते.
उडून जातं.
जागा मोकळी.
धातू होता तसाच.

पण गारठ्यात मोनॉक्साइड सगळीकडे बसून राहतो,
हात धुवायचे सोडून
पानावरच गप्पा मारणाऱ्या पाहुण्यांसारखा,
आणि दुसरी पंगत दारात ताटकळते.
याला आम्ही विषबाधा म्हणतो. धातूची.
विष कुणी घातलेलं नसतं;
ज्याला जेवायला बोलावलं
तोच उठत नसतो.

"मग उठवतं कोण?" महादेवीनं विचारलं, कन्नडात.
मामानं मराठी करून सांगितलं नाही. लागत नव्हतं.

ऊब, म्हटलं.
दोनशे अंशांच्या आसपास कुणीतरी एक उठतो,
मग त्याच्या शेजारचा. फट पडते.
ऑक्सिजन शिरतो, भिडतो,
आणि त्या भिडण्यातूनच आणखी ऊब.
मग एकदम.
आलेखात ती रेघ उभी वर जाते.
मी ती तीनशे वेळा काढली असेल,
आणि दर वेळी खुर्चीत पुढं सरकून बसलेय.

(प्रबंधात सीमा हा शब्द मी एकदाच वापरला,
तोही वायू आणि धातू यांच्या मधली.)

तुमची व्हॅन बिघडलेली नाही, बाळप्पा.
गार आहे.
मच्छेपर्यंत एक फेरी मारा, नाहीतर
इथंच इंजिन चालू ठेवा जरा वेळ.

मामा काही बोलला नाही.
डबी खाली ठेवली, बाकाकडे बघत राहिला.
बाकावर फ्लँजचं खोकं, जुने पाइप, पान्यांचा ढीग,
कालचा डबा, फडकी.
रिकाम्या जागा होत्या दोन,
एक या टोकाला, एक त्या.
ते दोघं आल्यापासून उभेच होते.

मामानं खोकं उचललं.
कंबर धरून, कण्हत, जमिनीवर ठेवलं.
पाइप पायानं सारले.
"बर्री," म्हणाला, "कूडरी."

ते बसले. महादेवीनं शालीत हात ओढून घेतले.
इंजिन चालू होतं. नळीच्या तोंडाशी
पाण्याचे थेंब जमून टपटप पडत होते,
त्याखालची धूळ काळी होत होती.
मामा चहा सांगायला गेला तो बराच वेळ आलाच नाही.

दुसरी चिठ्ठी पास निघाली.
तिच्यावर तारीख मात्र मागच्या महिन्याची.
बाळप्पानं ती दोनदा वाचली,
घडी घालून खिशात ठेवली,
आणि उठायचं काही कुणाच्या मनात दिसेना.